घरी काय गेलं

धडा कितीही चांगला झाला, तरी मेश्राम सिस्टर टाळ्या वाजू द्यायच्या नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर बसून, गालात लवंग धरून त्या सगळं ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, “मंग? घरी काय गेलं?”

घरी म्हणजे पेशंटच्या घरी. फळ्यावर काय लिहिलं, आवाज किती छान होता, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दवाखान्यातून गेलेली बाई संध्याकाळी भाकरी थापताना सासूला काय सांगेल, तेवढाच धडा झाला, बाकीचा वाया गेला, असा त्यांचा हिशोब होता. बहुतेक वेळा बाकीचाच जास्त निघायचा.

वर्ध्याजवळ नालवाडीला, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, एका संस्थेची जुनी इमारत होती. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि नर्सना एकत्र शिकवायचे. काय शिकवायचे, तर शिकवायला. आम्ही परत जाऊन आपापल्या केंद्रातल्या लोकांना, आशा सेविकांना, पेशंटच्या घरच्यांना शिकवायचं, असा तो कोर्स होता. महिन्यातले काही दिवस, वर्षभर. अट एकच होती. एका केंद्रातून एक डॉक्टर आणि एक नर्स, दोघांनी मिळून यायचं आणि शेजारी बसायचं. एकदा एक डॉक्टर एकटाच आला, त्याच्या सिस्टरला ड्युटी लागली होती. मेश्राम सिस्टरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. “मंग तुमी बी ड्युटीच करा,” म्हणाल्या.

ही अट वरच्या ऑफिसला नको होती. दोघं एकाच दिवशी बाहेर पडले तर ओपीडी कोण चालवणार, असं दर मीटिंगला विचारलं जायचं. डॉक्टरांचं वेगळं घ्या, नर्सचं वेगळं घ्या, सगळ्यांची सोय होईल. सिस्टर प्रत्येक वेळी नाही म्हणायच्या. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन त्या इथे मानधनावर आल्या होत्या, नाही म्हणण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता. पण त्यांना आयुष्यात तेव्हा दुसरं काही राखायचं होतं असं मला कधी दिसलं नाही. ही माणसं एकत्र बसली पाहिजेत, एवढंच.

मी तेव्हा नुकतीच डॉक्टर म्हणून नोकरीला लागले होते. वर्ध्यात बाबांचं कापडाचं दुकान, घर पिपरी मेघ्याला, शाळा इंग्रजी माध्यमाची. चार लोकांत बोलायची वेळ आली की माझ्या मनात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं, मग मी ते मराठीत आणायला लागते, आणि तोवर बोलायची वेळ गेलेली असते. त्यामुळे मी बघत बसते. मेश्राम सिस्टरांकडे मी पुष्कळ बघितलं.

बुटक्या, रुंद बांध्याच्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चालताना एक खांदा पुढे, जणू गर्दीतून वाट काढताहेत, समोर कोणी नसलं तरी. पहिल्या दिवशी त्या अशाच खांदा पुढे करून हॉलमध्ये शिरल्या. डॉक्टर पुढच्या खुर्च्यांवर बसले होते, नर्स मागे. तसं बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

“हे लग्नाचं जेवण होय काय?” त्या म्हणाल्या. “नवरदेवाकडचे पुढं अन नवरीकडचे मागं? उठा. आपापल्या जोडीदारासंग बसा.”

खुर्च्या ओढल्या गेल्या. माझ्या शेजारी आमच्या केंद्रातली नंदा येऊन बसली. ती माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी, पण मला मॅडम म्हणायची आणि मी तिला सिस्टर. केंद्रात आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती. इतक्या जवळ आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो, आणि दोघींनीही पदर-ओढणी आवरून घेतली.

सिस्टर कोणालाही एकट्याच्या नावाने हाक मारायच्या नाहीत. जोडीचं मिळून एक नाव करायच्या. मी रेवा, ती नंदा, म्हणून आम्ही रेवानंदा. “ए रेवानंदा, इकडं या.” सगळ्यांना गंमत वाटायची, डॉक्टर राहुल काकडे सोडून. तो हुशार होता, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होता, मांडीवर फोन ठेवून प्रश्न सोडवत बसायचा. त्याच्याबरोबर शोभा नावाच्या जुन्या सिस्टर आल्या होत्या.

“काकडेशोभा, तुमचा नंबर.”

“सिस्टर, माझं नाव डॉक्टर राहुल काकडे आहे.”

“माहीत आहे मले. पेशंटले बी माहीत आहे. पन तो तुमच्या खोलीतून निंगाला का शोभाच्या खिडकीवर जाते. त्याच्यासाठी तुमी एकच दुकान.”

काकडे सुरुवातीचे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत आपल्या गाडीत बसून डबा खायचा. बाकी सगळ्यांचे डबे व्हरांड्यातल्या एकाच सतरंजीवर उघडत. एका दुपारी सिस्टरांनी आपला डबा उचलला, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. तो गाडीत का जेवतो, हे त्यांनी विचारलं नाही. मलाही ते कोणाला विचारावं लागलं नाही. मागच्या काचेतून एवढंच दिसलं, की त्यांनी डबा दोघांच्या मधोमध ठेवला आणि आंबाडीच्या भाजीचं झाकण काढलं. काकडेनं घेतली की नाही, ते दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सतरंजीवर आला. कोपऱ्यात बसला, पण आला.

कोर्समध्ये पाठ्यक्रम होता, तक्ते होते, प्रोजेक्टर होता. पण आम्हा सगळ्यांना धास्ती असायची ती दाराबाहेरच्या परीक्षेची. जोडीनं मिळून धडा घ्यायचा. तो संपला की सिस्टर हॉलच्या बाहेर जाऊन पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहायच्या. आता त्या सासू असायच्या, नाहीतर बाप, नाहीतर शेजारीण. जोडीतल्या एकेकाला बाहेर बोलावून दोघांनाही तोच प्रश्न विचारायच्या आणि मग आत येऊन दोन्ही उत्तरं सगळ्यांना सांगायच्या.

आमचा पहिला धडा गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्यांवर होता. मी घाबरत का होईना, बरा घेतला असं मला वाटलं होतं. मला बाहेर बोलावलं.

“अवो डॉक्टरीनबाई, माह्या सुनंनं हे गोळी उपाशी घ्यावं का जेवून?”

“उपाशीपोटी,” मी म्हणाले. “शरीरात चांगली शोषली जाते.”

मग नंदा गेली. आत आल्यावर सिस्टर पदर खाली न घेताच बोलल्या, सासूच्याच आवाजात. “डॉक्टरीनबाई म्हणते उपाशी. नर्सबाई म्हणते जेवून, नाईतं ओकारी येते. दोघी शिकल्या-सवरल्या. आता कोनाचं खरं मानू? मी गोळ्या पेटीत ठेवल्या. दोघी एका गोष्टीवर आल्या का सांगजा, मंग काढन.”

सगळे हसले. मी हसले नाही. माझं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे सिस्टरांनी नाकारलंही नव्हतं.

हीच त्यांची रीत होती. उत्तर चुकलं म्हणून त्या रागवायच्या नाहीत, दोन उत्तरं झाली म्हणून रागवायच्या. मग त्या जोडीनं कोपऱ्यात बसायचं आणि एक उत्तर घेऊन यायचं. मी आणि नंदा बसलो. मी शोषणाबद्दल बोलत राहिले. नंदा बराच वेळ ऐकून म्हणाली, “मॅडम, सगळं खरं आहे. पन उपाशी घेतली तं बाई ओकते. अन एकदा ओकली का पुन्हा घेतच नाई. मंग काय शोषते?” मग मी विचारलं, जेवण झाल्यावर या बायका लगेच चहा घेतात का. नंदा म्हणाली, घेतातच. मी म्हणाले, मग चहाचं सांगायला हवं, चहानं गोळीचा उपयोग कमी होतो. हे तिला माहीत नव्हतं. शेवटी आम्ही ठरवलं, जेवण झाल्यावर घ्यायची, चहासोबत नाही.

“मंग? घरी काय गेलं?”

“गोळी,” नंदा म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत. लवंग फक्त एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

त्यांना सगळं येत होतं, असं मुळीच नाही. नव्या औषधांची नावं त्यांच्या जिभेवर बसायची नाहीत. डोस सांगताना चुकायच्या आणि काकडे त्यांना दुरुस्त करायचा. “असं होय? बरं,” म्हणायच्या आणि तेच त्याला शोभाताईंना शिकवायला लावायच्या. बोलायलाही त्या मऊ नव्हत्या. एकदा शोभाताई म्हणाल्या, उपवासाच्या दिवशी बीपीची गोळी नाही घेतली तरी चालते, आम्ही आजवर तसंच सांगतो. सिस्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर असं काही सोलून काढलं की शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा काकडेनं मांडीवरचा फोन उलटा ठेवला.

“सिस्टर, पुरे आता. ती चूक माझी पण आहे. मी त्यांना कधी विचारलंच नाही त्या काय सांगतात ते.”

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. “आता बसला जोडीदारासंग,” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या जोडीच्या वेडामागे काय आहे, ते मला केळझरच्या फाट्यावर कळलं. कोर्सचा भाग म्हणून आम्ही आमच्या केंद्रात आशांचा वर्ग घ्यायचो आणि सिस्टर बघायला यायच्या. त्या दिवशी मी मध्येच अडखळले, अगदी गप्प झाले. नंदा माझ्या मदतीला धावणार, तेवढ्यात सिस्टरांनी मागून हात वर करून तिला थांबवलं. पुष्कळ वेळ कोणीच बोललं नाही. मग मी बोलले. वर्ग संपला. मी त्यांना एसटीला सोडायला फाट्यावर आले. चतुर्थी होती, गणपतीला आलेल्या लोकांनी गाड्या भरून येत होत्या. आम्ही उन्हात उभ्या राहिलो.

“तुले वाटत असन, हे म्हातारी जोडी-जोडी काऊन करून राह्यली,” त्या अचानक म्हणाल्या.

मी ओढणी डोक्यावर घेतली.

“एक टेलर होता आमच्या केंद्राच्या गावात. शुगरचा. दोन टाइम सुई घ्याचा. डॉक्टरनं त्याले ओपीडीत सांगितलं, जेवला नाई तं सुई नोको घेजो. बरोबर सांगितलं. मी त्याच्या घरी जात होती, मी सांगितलं, सुई चुकवू नोको. ते बी बरोबर. तो चुकवतच होता, लय चुकवत होता. आता त्याले हगवण लागली. ओकाऱ्या. दिवसभर अन्नाचा कन नाई पोटात. संध्याकाळी बायकोनं सुई देली. सकाळी उठलाच नाई.”

एक गाडी आली, दारापर्यंत भरलेली. थांबली नाही. सिस्टर ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या.

“मी गेलती घरी. बायको रडत नोती. मले बसाले टाकलं. म्हणे, सिस्टर, डॉक्टरसायबानं म्हटलं होतं जेवला नाई तं सुई नोको. पन तुमी म्हटलं चुकवू नोको. डॉक्टर तं कधी घरी आले नाई. तुमी येत होत्या. म्हणून आमी तुमचं ऐकलं.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. इंग्रजीतसुद्धा वाक्य तयार झालं नाही.

“तिनं रागानं नाई म्हटलं, रेवा. रागानं म्हटलं असतं तं बरं झालं असतं. चांगल्यासाठी म्हटलं. मले बरं वाटावं म्हणून.” त्यांनी पदरानं चेहरा पुसला. “डॉक्टर चांगला होता. मी बी वाईट नोती. एका छपराखाली काम करत होतो. त्यानं काय सांगितलं, मले माहीत नाई. म्या काय सांगितलं, त्याले माहीत नाई. मंग त्याची बदली झाली. त्याले तं अजून माहीत नसन.”

पुढच्या गाडीत त्यांना उभं राहायला जागा मिळाली. त्या खांदा पुढे करून चढल्या. एवढं सगळं सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे वळून बघतील असं मला वाटलं होतं. बघितलं नाही.

वर्ष संपत आलं, तेव्हा वरचे साहेब कोर्स बघायला येणार असं कळलं. त्यांना पटलं तर पुढच्या वर्षीही डॉक्टर-नर्स एकत्र, नाहीतर वेगवेगळे, हे सगळ्यांना माहीत होतं. कोर्सचं कामकाज बघणारा निखिल सर नावाचा तरुण मुलगा होता, तो आठवडाभर सिस्टरांच्या मागे लागला होता.

“सिस्टर, त्या दिवशी रेवा-नंदाला घ्या. त्यांचं जमतं.”

“जमते म्हणूनच नाई घेत. काकडेशोभा करन.”

“ते अजून भांडतात!”

“मंग भांडू दे.”

“निदान साहेब काय विचारतील, ते तरी त्यांच्याकडून बसवून घ्या. एकदाच. कोर्स वाचेल.”

“पेशंट सांगून येते काय, का मी हे इचारनार आहो म्हणून?” सिस्टर म्हणाल्या. “पाठ करून घेतलं तं ते सायबाच्या घरी जाईन. गावात काय जाईन?”

निखिल सरनं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं की मी सिस्टरांना समजावीन. त्यांना कोणी समजावलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

साहेब आले. दोघं होते, बरोबर एक मॅडम. काकडे आणि शोभाताईंनी लहान मुलांच्या तापावर धडा घेतला. चांगला घेतला, एकमेकांचं वाक्य पुरं करत. मग सिस्टरांनी मोठ्या साहेबांनाच दाराबाहेर उभं केलं. “तुमी बाप व्हा, सायेब. जे वाटन ते इचारा.”

साहेबांना गंमत वाटली. आत आले तेव्हा चेहऱ्यावर ती गंमत तशीच होती. “मी विचारलं, पोराला ताप आहे आणि ते झोपलंय. औषधाची वेळ झाली तर उठवायचं का? डॉक्टर म्हणतात, झोपू द्या, उठवू नका. सिस्टर म्हणतात, वेळ चुकवू नका, उठवून द्या.” त्यांनी हॉलभर बघितलं. “बाई, वर्षभर शेजारी बसवूनही दोन उत्तरं?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “आज तुमाले कळलं. गावात कोनाले कळत नाई. आता थांबा जरा, हे दोघं बसतात.”

काकडे आणि शोभाताई कोपऱ्यात बसले. पण बाहेर तर्री-पोहे आले होते आणि निखिल सरनं घाबरून प्लेटा लावायला सांगितलं होतं. साहेब उठले. खुर्च्या सरकल्या. त्या आवाजात आम्ही दोन-चार जण मात्र कोपऱ्याकडे कान देऊन होतो.

“शोभाताई, झोपलेल्या लेकराला औषधासाठी कशाला उठवायचं? झोपेनंच बरं वाटतं त्याला.”

“सर, खरं आहे. पन मागं एक लेकरू आनलं होतं आपल्याकडं. माय म्हणे, झोपून आहे, झोपून आहे. ते झोपेल नोतं. गुंगीत होतं.”

काकडे हळूहळू म्हणाला, “म्हणजे आधी हाक मारून बघायला सांगू. अंगाला हात लावून. कूस बदलली, डोळे उघडले, तर झोपू द्या, औषध उठल्यावर. आणि हाक मारूनही उठत नसेल...”

“तं औषध नाई, गाडी,” शोभाताई म्हणाल्या. “सरळ दवाखान्यात.”

“बरोबर. असंच सांगू. दोघंही.”

त्या वर्षभरात त्या हॉलमध्ये याहून चांगलं उत्तर मी ऐकलं नव्हतं. मी दाराकडे बघितलं. साहेब व्हरांड्यात पोह्यांवर लिंबू पिळत होते. सिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “मंग?” वगैरे काही म्हणाल्या नाहीत. बाहेर जाऊन साहेबांना आत बोलावून आणावं, असं मला वाटत होतं आणि बहुधा निखिल सरलाही. सिस्टर उठल्या नाहीत. ज्याला ऐकायचं तो थांबतो, असं त्यांचं म्हणणं असावं. मला मात्र वाटतं, त्या क्षणी त्या फार थकल्या होत्या.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचं प्रशिक्षण स्क्रीनवर झालं, दर शनिवारी. मी ते केलं. सगळ्यांचे कॅमेरे बंद असायचे. एकदा मध्येच काकडेचा मला मेसेज आला, ‘याच विषयावर तिकडे शोभाताईंना काय सांगत असतील?’ मी उत्तर दिलं नाही, मला माहीत नव्हतं. नर्सचं प्रशिक्षण नालवाडीलाच ठेवलं. तिथे एकदा काही कामानं गेले, तर सिस्टर दाराबाहेर पदर घेऊन उभ्या होत्या. एकामागून एक नर्स जात होत्या. सगळ्यांचं उत्तर एक आलं, आणि नर्स खूश होऊन टाळ्या वाजवायला लागल्या.

“एक तं येनच,” सिस्टर म्हणाल्या. “तुमी सगळ्या एकच.”

त्यांनी टाळ्या थांबवल्या नाहीत. वाजून संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

त्याच हिवाळ्यात नंदाची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. जाताना ती मला मॅडमच म्हणाली, पण माझा हात तिनं बराच वेळ सोडला नाही. सिस्टर दवाखान्यात ॲडमिट आहेत, हे मला तिच्याच फोनवरून कळलं. किडनी. बरेच महिने अंगावर काढलं होतं, असं ती म्हणाली. तिला सुट्टी मिळत नव्हती.

वॉर्ड मोठा होता, दोन्हीकडे खाटा. सिस्टर कोपऱ्यातल्या खाटेवर होत्या. चेहरा सुजून भरल्यासारखा झाला होता, त्यामुळे त्या आधी मला बऱ्या वाटल्या. मग पाय दिसले. पाय फार सुजले होते. जवळ त्यांची भाची बसली होती, पल्लवी नावाची, कॉलेजात जाणारी. सिस्टरांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं.

“एकटीच आली?”

“नंदाला सुट्टी नाही मिळाली.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी स्टुलावर बसले. नळीतून पडणाऱ्या औषधाच्या थेंबांकडे बघत राहिले. पल्लवीला कोणाला तरी विचारायचंच होतं, ती माझ्याकडे झुकली.

“ताई, तुम्ही डॉक्टर आहात ना? डॉक्टर सर म्हणाले, मावशीले पाणी अगदी कमी द्या, मोजून. अन गोळ्या देनाऱ्या सिस्टर म्हणाल्या, गोळ्या भरपूर पाण्यासंग द्या, घसा कोरडा पडू देऊ नका. मी काय करू? मले समजूनच नाई राह्यलं.”

उत्तर मला येत होतं. कोणत्याही डॉक्टरला आलं असतं, आणि डोळे मिटून पडलेल्या सिस्टरांनाही येत होतंच. मी तोंड उघडलं.

“तू नोको सांगू,” सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या.

“पण सिस्टर...”

“तू तिसरं तोंड होशीन. पल्लवी, जाय. त्या दोघाईले संग बोलाव.”

“मावशी, डॉक्टर आता कुठून येनार? राउंड सकाळी राह्यते.”

“जाय तं खरी. म्हण, मेश्राम सिस्टरनं बोलावलं. दोघाईले. संग.”

पल्लवी गेली. सिस्टरांनी डोळे उघडले, कोपर टेकवून उठायला लागल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. बसल्यावर पदर खांद्यावर नीट घेतला. मग दोन्ही हातांनी एक पाय उचलून जवळ ओढला, नंतर दुसरा. दुखत होतं ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. खाटेचा पायथ्याकडचा अर्धा भाग रिकामा झाला. तिथली चादर त्यांनी पुढे वाकून तळहातानं सारखी केली.

“इथं बसतीन दोघं,” त्या म्हणाल्या.

पल्लवी परत आली. डॉक्टर ऑपरेशन थिएटरकडे गेलेत, सकाळी येतील. गोळ्या देणाऱ्या सिस्टर हातातलं काम झालं की येते म्हणाल्या. थोड्या वेळानं त्या आल्याही. तरुण मुलगी होती, माझ्याच वयाची. तिनं औषधाची नळी बघितली, बाटली बदलली, “मावशी, झोपा आता, पाय लांब करा” म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. लोक उठून डबे, पिशव्या गोळा करायला लागले. मी सिस्टरांना म्हणाले, पुन्हा येईन, नंदाला घेऊन येईन. त्यांनी मान हलवली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वॉर्डच्या दाराकडे बघत होत्या. पल्लवी त्यांना आडवं व्हायला सांगत होती.

दारातून बाहेर पडताना मी वळून पाहिलं. त्यांनी पाय अजून पसरले नव्हते.